सहावा पुरावा

गेल्या हिवाळ्यात माझी आई दर रविवारी टेकडीवर जायला लागली, आणि घरात बसून मी जळायला लागले. जळणं हा शब्द मी विचार करून वापरते आहे. नुसता राग आला असता तर मी त्याच्यावर पत्रक लिहिलं असतं. मत्सरावर पत्रक निघत नाही.

टेकडी लवळ्याची. तिच्या एका अंगाला विद्यापीठाच्या इमारती आणि वसतिगृहं, दुसऱ्या अंगाला धनगरांची आठ-दहा घरं, आणि त्या घरांच्या वर एक लहान देऊळ. देव म्हणजे शेंदूर लावलेला बिनघडीव दगड. तिथे कौल लावतात. झेंडूच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवून दगडाच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवायच्या, वरून तांब्याने पाण्याची बारीक धार सोडायची, मनातलं विचारायचं आणि थांबायचं. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. हा कौल आता माझ्याच वयाची एक बाई लावते. तिचे वडील तिथले पुजारी होते. ते गेले, भाऊ विद्यापीठाच्या फाटकावर पहाऱ्याला लागला, तेव्हा शेळ्या आणि देव दोन्ही तिच्याकडे आले.

आई तिच्याकडे जायची. काय विचारायला जाते ते सांगायची नाही. परत आली की खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवायची आणि एकच वाक्य बोलायची, "खरं बोलती पोर."

ते वाक्य मला एवढं का झोंबायचं हे कळायला आमचं घर माहीत असायला हवं.

लवळ्याला लागून असलेल्या नांद्यात आमचं घर आहे. अर्ध्या शेतावर आता इमारत उभी आहे आणि वरच्या खोल्या भाड्याने दिल्या आहेत, पण आमच्या घराची ओळख त्या खोल्यांनी नाही, पत्रकांनी आहे. माझे वडील, नाना, एक सत्संग मंडळ चालवतात. पंचवीस-तीस माणसं, बहुतेक गावातलीच. नानांचं म्हणणं असं की आपला धर्म खरा आहे हे नुसतं मानायचं नाही, ते दाखवून द्यायचं. त्यासाठी ते माझ्या जन्माच्या आधीपासून पत्रकं काढत आले. पिवळी, गुलाबी, पोपटी. शाळेत 'अ अननसाचा' शिकायच्या आधी मी 'अ अज्ञानाचा' वाचला होता. शाळेतून आल्यावर पत्रकांच्या तीन घड्या घालणं हेच माझं काम. घडी नखाने दाबायची, नाहीतर ती फुगते. आई सगळ्यांत भराभर घड्या घालायची आणि त्यातलं एक अक्षरही वाचायची नाही. मला वाटायचं, तिला कंटाळा आहे.

नानांनी मला लिहायला शिकवलं. त्यांचा एक नियम होता. पत्रकात 'कदाचित' हा शब्द कधीही लिहायचा नाही. वाचणारा त्या शब्दापाशी कागद मिटतो, म्हणायचे. मी तो नियम इतका पाळला की बोलण्यातूनही तो शब्द गेला.

एकोणिसाव्या वर्षी मी माझं सगळ्यांत मोठं पत्रक लिहिलं, 'आपला धर्म खरा कशावरून? अकरा पुरावे'. त्यातला सहावा पुरावा टेकडीवरच्या देवाचा होता. आम्ही लहान असताना तिथून रस्ता जाणार होता आणि देव हलवून खाली सिमेंटच्या देवळात न्यायचा अशी बोलणी चालली होती. गाव जमलं. देवालाच विचारलं, जागेवर राहायचं आहे का? पाच वेळा कौल लावला आणि पाचही वेळा उजवी पाकळी पडली. पुढे रस्ताच वळून गेला. नाना त्या दिवशी तिथे होते. त्यांच्या तोंडून मी हे शंभरदा ऐकलं होतं, आणि लिहिताना माझ्या अंगावर काटा आला होता. माझा त्यावर पूर्ण विश्वास होता. हे मी आजही ठासून सांगते, कारण पुढे मी जे केलं ते विश्वास नसल्यामुळे केलेलं नाही.

ही पत्रकं मी विद्यापीठाच्या बाहेरच्या कँटीनपाशी उभी राहून वाटायची. मुलं घ्यायची, हसायची, आणि टेबल डुगडुगत असेल तर पायाखाली घालायची. एकदा माझा चौथा पुरावा वडापावच्या तेलाने आरपार दिसत होता. मी तो उचलून घरी आणला.

आणि हीच मुलं रविवारी टेकडी चढून तिच्याकडे जायची.

गेल्या माघात मंडळाने अकरा पुराव्यांची नवी आवृत्ती काढायचं ठरवलं. या वेळी पत्रकावर माझं नाव छापायचं होतं. पहिल्यांदाच. आधीच्या सगळ्या पत्रकांवर नुसतं मंडळाचं नाव असायचं. नाना म्हणाले, सहाव्या पुराव्याला देवळातल्याच माणसाची साक्ष जोडली तर वजन येईल. तिचा बाप गेला, पण पोरगी आहे, तिला विचारून ये. मी लगेच निघाले. साक्ष हे निमित्त होतं. आई तिथे काय बघते ते मला बघायचं होतं.

ती आणि मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीपर्यंत एका वर्गात होतो. गुरुजींनी प्रश्न विचारला की मी चुकीचं उत्तरसुद्धा खणखणीत आवाजात द्यायचे. ती उभी राहून "न्हाई येत गुर्जी" म्हणायची आणि खाली बसायची. गुरुजी तिच्यावर कधी चिडले नाहीत. माझ्या चुकीच्या उत्तरांवर मात्र वर्ग हसायचा. म्हणजे तिचं आणि माझं हे तेव्हापासूनचं आहे.

मी वर पोचले तेव्हा देवळापुढे चाळीसेक माणसं होती. ती पदर खोचून पाकळ्या लावत होती. एका मध्यमवयीन माणसाचा कौल लागला होता. पाकळ्या काही केल्या पडेनात. बराच वेळ गेला. ती म्हणाली, "देव बोलला न्हाई दादा. पुढच्या आयतवारी या." तो म्हणाला, दोन्ही चिकटून राहिल्या म्हणजे होच की. "तुमी तसं धरा," ती म्हणाली, "मी न्हाई सांगणार." तो माणूस वैतागायला हवा होता. तो पाया पडून गेला.

मग वसतिगृहाची दोन मुलं पुढे झाली. त्यातल्या एकाने हिंदीत विचारलं, दीदी, हे खरंच असतं का? मी कान टवकारले. या प्रश्नाला माझ्याकडे अकरा उत्तरं होती.

"मेरे को लगता है," ती म्हणाली. "तुमको नहीं लगता तो उधर बैठो, हवा खाओ. हवा तो सच्ची है ना?"

मुलं हसली आणि खरोखरच बाजूला जाऊन बसली. गेली नाहीत. तासभर बसून राहिली. माझ्यासमोर कुणी कधी तासभर बसलं नव्हतं.

गर्दी सरल्यावर मी तिला साक्षीचं सांगितलं. ती शेळीच्या पायातला काटा बघत होती. तिने मान वर न करता सांगितलं की ती त्या दिवशी तिथेच होती. पाण्याचा तांब्या तिनेच धरला होता. कौल पाच वेळा नाही, सात वेळा लागला. पहिले दोन डावे पडले. मग कुणीतरी ओरडलं की पाकळी नीट चिकटली नव्हती, ते धरू नका, परत लावा. तिसऱ्यापासून मोजले. आणि रस्ता वळला तो खाली कातळ लागला म्हणून, असं तिचा बाप मरेपर्यंत सांगत होता. "बा दर खेपेला सात सांगायचा," ती म्हणाली. "लोकं पाच ऐकायची."

मी खाली उतरले. वाटेत मला तिच्या बोलण्याबद्दल जराही शंका आली नाही, हेच मला सहन होत नव्हतं. माझी अकरा वाक्यं ऐकून कुणाची खात्री पटत नाही आणि हिचं एक ऐकून माझी पटली.

घरी आले तर आईने विचारलं, "भेटली का? काय म्हणली?" तिच्या चेहऱ्यावर असं कौतुक होतं की जणू मी तिच्या लेकीला भेटून आले होते.

त्या दुपारी मी सहावा पुरावा नव्याने लिहिला. पाच वेळा, पाचही उजवे, रस्ता वळला. आणि शेवटी एक वाक्य घातलं, 'त्या प्रसंगी हजर असलेली आजची पुजारीणही याची साक्ष देते.' हे मी का केलं, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. धर्माच्या प्रेमाने केलं असं म्हणणं सोपं आहे. खरं हे की मला ती माझ्या वाक्यात हवी होती. टेकडीवर ती माझ्यापेक्षा मोठी होती. माझ्या वाक्यात ती मी ठेवीन तिथे बसली असती.

पत्रकं छापून आली. माझं नाव खाली, जाड अक्षरात. रविवारी सकाळी सत्संगात प्रकाशन ठरलं होतं. आमच्याकडे प्रकाशन म्हणजे हार-तुरे नाहीत. ज्याने लिहिलं त्याने उभं राहून पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून दाखवायचं. काही गठ्ठे आधीच वाटले गेले होते, एक कँटीनपर्यंत पोचला होता.

गुरुवारी सकाळी ती आमच्या अंगणात आली. आई भाजी निवडत होती, मी पायरीवर होते. तिने कमरेला खोचलेलं गुलाबी पत्रक काढलं आणि माझ्या शेजारी बसली.

"ह्यातली पुजारीण मीच ना?"

मी होय म्हणाले.

"मग मी असं कधी बोलले?"

"पाच वेळा उजवी पडली की नाही?" मी म्हणाले.

"पडली."

"मग खोटं काय आहे त्यात?"

"खोटं न्हाई," ती म्हणाली. "निम्मं हाय."

आईचे हात थांबले होते. मी आवाज चढवला. म्हणाले, तुझा देवावर विश्वास आहे की नाही? आम्ही त्याचीच बाजू मांडतो आहोत. लोक धर्माला हसतात, आणि तू त्यांच्या हातात दोन डावे देतेस. तिने माझं सगळं ऐकून घेतलं. तिची ही सवय मला लहानपणापासून नकोशी वाटत आली आहे.

"देव खराच हाय," ती म्हणाली. "आता तो खरा हाय म्हणल्यावर, त्याच्यापायी मी कशाला खोटं बोलू?"

मग ती उठली आणि जाता जाता मला सांगायचं ते सांगितलं. रविवारी लोक हा कागद घेऊन वर येतील, विचारतील. ती दोन डावे सांगणारच. मग मी सगळ्यांसमोर खोटी पडेन. म्हणून आधी सांगायला आली होती. भांडायला नव्हती आली.

ती माझी लाज राखायला टेकडी उतरून आली होती. आणि मला तिचा आधी नव्हता इतका राग आला.

नाना दुपारी घरी आले तेव्हा मी त्यांना सात कौलांचं सांगितलं. मला वाटलं होतं ते थक्क होतील. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "पाकळी चिकटली नाही म्हणून ओरडणारा मीच होतो."

मी विचारलं, खरंच नव्हती चिकटली? ते म्हणाले, देव आपली जागा सोडीन म्हणेल कसा? नाही ना म्हणणार? मग चूक पाकळीचीच. यात मी काही लपवलं असं मला कधी वाटलंच नाही.

नाना लबाड नाहीत. आयुष्यात त्यांनी कुणाला फसवलेलं नाही. उत्तर त्यांना आधीच माहीत होतं, म्हणून न जुळलेले दोन कौल त्यांना दिसलेच नाहीत, इतकंच. ते बोलत होते आणि मला माझेच शब्द ऐकू येत होते. फरक एवढाच की ते पाकळीला चूक म्हणाले होते, आणि मी एका जिवंत बाईच्या तोंडात वाक्य घातलं होतं.

शनिवारी दुपारी आई आणि मी उरलेल्या पत्रकांच्या घड्या घालत होतो. आईने एक पत्रक हातात धरलं आणि घडी न घालता ती माझ्याकडे बघत राहिली.

"एक इचारू? तू हे लिवतीस, ते तुला खरं वाटतं का गं?"

असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. कँटीनमधल्या पोरांनीही नाही. ती पोरं विचारायची, हे खरं आहे का. हे वेगळं होतं. मी म्हणाले, वाटतं. मग म्हणाले, दहा वाटतात.

"मग अकरा कशाला लिवले?"

आईने घडी घातली, नखाने दाबली. मग खाली बघतच सांगितलं की ती चार रविवार टेकडीवर हेच विचारायला जात होती. लहानपणापासून पोरगी बापाचं ऐकून लिहिते, तिचं तिला तरी पटतं का. चारही वेळा पाकळ्या पडल्या नाहीत. चौथ्या वेळी पुजारीण म्हणाली होती, मावशी, हे देवाला कशाला विचारता, तिलाच विचारा की.

"मला धीर व्हत नव्हता," आई म्हणाली. "तू लई जोरात उत्तर देतीस."

इतके दिवस मला वाटत होतं की माझी आई मला सोडून दुसऱ्या कुणाच्या शब्दावर गेली. आणि ती तिथे माझ्यासाठी उभी राहत होती, तेही मला विचारायची भीती वाटत होती म्हणून. घड्या घालताना ती पत्रकं का वाचायची नाही हेही मला तेव्हा कळलं. तिला कंटाळा नव्हता. वाचून लेकीवर विश्वास बसला नाही तर काय करायचं, हे तिला ठरवता येत नव्हतं.

रविवारी सत्संगाच्या खोलीत नेहमीची माणसं होती. नाना पुढच्या सतरंजीवर, आई दारापाशी बायकांत. मी पाच पुरावे वाचले. आवाज नेहमीसारखाच होता. सहाव्याशी आल्यावर मी कागद खाली केला आणि सांगितलं की इथे छापलं आहे ते निम्मं आहे. कौल सात वेळा लागला, पहिले दोन डावे पडले. रस्ता कातळामुळे वळला. पुजारणीने अशी साक्ष दिलेली नाही, ते वाक्य मी माझ्या मनाचं घातलं. नानांचं नाव मी घेतलं नाही. तेवढी हिंमत मला त्या दिवशी झाली नाही, आणि ती व्हायला हवी होती का हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग मंडळातले सगळ्यांत वृद्ध आजोबा म्हणाले, "म्हंजे आता धाच धरायचे व्हय?"

दोघं-तिघं हसले. मागून एक जण म्हणाला की अशाने परधर्मी आपल्याला खातील. मी त्याला उत्तर दिलं, चांगलं तिखट दिलं. धर्म खरा आहे असं मला आजही वाटतं, आणि वाटतं म्हणायला मला आता लाज वाटत नाही. पण दुसऱ्यांच्या डोळ्यातलं कुसळ शोधत मी गावभर कागद वाटले आणि स्वतःचे दोन डावे मोजले नाहीत, हे मी त्याला सांगितलं.

इतक्यात सतरंजीवरून नाना उठले. मला वाटलं निघाले. ते माझ्याजवळ आले, माझ्या हातातलं पत्रक घेतलं आणि लोकांकडे तोंड करून म्हणाले, "पाकळी चिकटली नाही म्हणणारा मी होतो." एवढंच. मग पत्रक माझ्या हातात परत देऊन जागेवर जाऊन बसले. त्यांनी त्यानंतर माझ्याशी आठ दिवस धड बोलणं केलं नाही. सहाव्या पुराव्यावर काट मारायला मात्र रोज माझ्या शेजारी बसले, आणि पट्टी धरून मारली, कारण वाकडी काट त्यांना खपत नाही.

पुढच्या रविवारी मी आईबरोबर टेकडीवर गेले. माझी अपेक्षा होती की पुजारीण काही तरी म्हणेल. तिने सत्संगातली बातमी ऐकली होती, सगळ्या लवळ्याने ऐकली होती. मला पाहून तिने विचारलं, काही विचारायचं आहे का? मी नाही म्हणाले. "मंग कडंला हो," ती म्हणाली, "मागं लोकं हायेत."

मी कडेला झाले आणि पुन्हा जळले. आईने तिच्या गालावरून हात फिरवला होता. माझ्या गालावरून हात फिरवल्याला किती वर्षं झाली ते मी उभी राहून मोजत होते.

थोड्या वेळाने तिने हाक मारली. तांब्या धरणारी तिची भाची आली नव्हती. मी तांब्या घेतला. समोर एक म्हातारा होता. त्याचा मुलगा परगावी होता आणि त्याला विचारायचं होतं, या साली येईल का. तिने पाकळ्या लावल्या होत्या आणि मी वरून पाण्याची धार धरली होती. म्हाताऱ्याचे ओठ हलत होते. मला मनापासून वाटलं, उजवी पडावी. माझं मनगट कधी वळलं ते मला कळलं नाही. उजवीवर धार जास्त पडत होती.

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. दोन बोटांनी तांब्या मधोमध आणला.

"दोनी बाजूला सारखं घाल," ती म्हणाली.